घरचं नाव

सोमवार, ३

हा जिना ज्यानं बांधला त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. पायरी एवढी उंच की गुडघा वर पोचतो आणि जीव खालीच राहतो. सगळं थिएटर नवं केलं, खुर्च्यांना मखमल, छताला सोनेरी रंग, मोरीत आरसे, आणि कपडेपटाच्या जिन्याला साधा कठडा नाही. नटनट्यांचे कपडे काय उडत वर जातात?

तक्रार झाली. आता नमस्कार. ही वही माझ्या नातीनं दिली. म्हणाली, आजी, पहिल्याच दिवशी सगळ्यांशी भांडलीस तर दोघींनाही काढतील, जे बोलायचं ते यात लिही. माझी शाळा चौथीत सुटली, जोडाक्षरं तेव्हापासून माझ्यावर रुसलेली आहेत. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाहीतर वाचू नये.

नातीचं घरचं नाव भिंगरी. ती एका जागी बसली तर ताप आला असं समजायचं. तिची आई, म्हणजे माझी लेक, दूर कामाला असते, पोर माझ्या हातची. नव्या थिएटरात कंपनी नवी नाटकं करणार, पहिल्याच नाटकात भिंगरी राणी. कपडेपट बघणाऱ्या जुन्या बाईला बांधकाम निघालं तेव्हा घरी पाठवलं होतं, म्हणून भिंगरीच्या पाठोपाठ मलाही घेतलं. वरच्या मजल्यावर राहायला खोली दिली. उजेड भरपूर, खाली रस्ता, समोर किल्ल्या करणारा. खोली चांगली आहे. मी चांगली म्हणते म्हणजे खरंच आहे.

बुधवार, ५

कपडे सगळे उतरवून झटकले. निम्म्यांना कसर लागली होती. राणीचा झगा मात्र नवा, गर्द लाल, पाठीला हूक, आत जाड अस्तर. भिंगरीच्या अंगावर मापात बसवला. पोर आरशासमोर गिरकी घेत होती, मी तोंडात टाचण्या धरून तिच्यामागे फिरत होते. हसू आलं, टाचण्या गिळल्या असत्या.

दिग्दर्शक लांब केसांचा आहे, बोलताना हातानं हवा कापतो. त्यानं नियम सांगितला. कपडे अंगावर चढले की माणसाला घरच्या नावानं हाक मारायची नाही. राणी म्हणजे राणीसाहेब. मी म्हटलं, हिचं ढुंगण मी धुतलंय, आता राणीसाहेब कुठून म्हणू. तो म्हणाला, कंपनीची जुनी पद्धत आहे, का ते मलाही माहीत नाही, पण शिस्त लागते. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

राजाचं काम करणारे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. कपडे उतरवून झाले तरी उभेच. काय हवं विचारलं तर ओशाळले. म्हणाले, जुनी बाई कपडे खुंटीला लावले की घरच्या नावानं हाक मारायची, मी ओ द्यायचो, मग जायचो. मी म्हटलं, नाहीतर काय वाट चुकता? हसले, पण हलले नाहीत. शेवटी कानात नाव सांगितलं. ते काही चारचौघांत घेण्यासारखं नाही, म्हणून लिहीत नाही. हाक मारली, ओ दिली, गेले.

शनिवार, ८

पहिला प्रयोग. थिएटर भरलेलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

एक गोष्ट लिहून ठेवते. मधल्या अंकात राणी भिकारणीच्या वेषात पळते. भिंगरी विंगेत येते, मी झगा उतरवून भिकारणीचे कपडे चढवते आणि बाहेर काकांचं भाषण संपायच्या आत तिला परत ढकलते. जागा एवढीशी. पुढे काळा पडदा, मागे नवा गिलावा केलेली भिंत. आज हूक अडकला. भिंगरी दातांत केसांच्या पिना धरून उभी. मी म्हटलं, भिंगरी, हात वर कर ना गं.

तिनं हात वर केला. तोंड मिटलेलंच होतं, पिना दातांत होत्या. ओ मात्र आली. भिंतीकडून. बाईचा आवाज, मऊ, जराही घाई नसलेला. वाटलं, पलीकडे कुणी असेल. नंतर बघितलं, पलीकडे रस्ता आहे.

प्रयोग संपला. झगा खुंटीला लावला आणि गंमत म्हणून काकांसारखी हिलाही हाक मारली. ती आरशात बघत बसली. पुन्हा मारली. तेव्हा जिन्यातून ओ आली. भिंगरी आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाली, दासी, दिवा आण. नाटकातलं वाक्य. मी म्हटलं, दिवा नाही, चप्पल आणते, उठ.

हसली नाही.

रविवार, ९

सकाळपासून ताठ बसली आहे. चहाचा कप असा धरला जसं काही मी त्यात विष कालवलंय. बोलते ते सगळं नाटकातलं. मला दासी म्हणते. आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ काही म्हटलं, दासी कुणी म्हटलं नव्हतं.

दिग्दर्शकाला सांगितलं. त्याला आनंद झाला. म्हणाला, भूमिकेत राहते आहे ती, असं नशिबी यावं लागतं. मी म्हटलं, राहायला तिला वर खोली दिलेली आहे. दुपारच्या प्रयोगाला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी विंगेत बोटं मोडत होते.

सोमवार, १०

प्रयोग नाही. डॉक्टर आणला. नाडी, जीभ, डोळ्यांत बॅटरी. ती त्याला म्हणाली, गुडघे टेक. तो म्हणाला, दमली आहे, झोपू द्या. एवढं मलाही सांगता आलं असतं, तेही जिना न चढता.

थिएटरच्या सुताराला विंगेतल्या त्या कपडे बदलायच्या आडोशाबद्दल विचारलं. तो म्हणाला, जुन्या भिंतीवर एक पाटी होती, इथे घरचं नाव घेऊ नये. गिलाव्याला अडत होती म्हणून काढली, रंधा मारून तिची फळी केली. कुठे लावली विचारलं तर म्हणाला, तुमच्याच खोलीत, बरण्या ठेवता ना तिच्यावर. वर असंही म्हणाला की लाकूड एकदम चांगलं होतं.

मंगळवार, ११

झगा सैल झाला. गेल्या बुधवारी अंगासरशी बसवला होता, आज कंबरेत हात जातो. टीप मारून आत घेतला. जेवते ती, मी समोर बसून भरवते. मग जातं कुठे?

काकांना धरलं, म्हटलं, काय माहीत आहे ते सांगा, नाहीतर राजाच्या पायजम्याची नाडी काढून घेते. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, त्या जागी, कपडे बदलताना, माणूस ना धड हा असतो ना तो. तेव्हा कुणी घरचं नाव घेतलं आणि ओ दुसऱ्यानं दिली तर नाव त्याचं होतं. पूर्वी एका पहारेकऱ्याचं तसं झालं. तो महिनाभर पहारेकरीच होता, घरी, जेवताना, सगळीकडे. सगळे म्हणायचे काय नट आहे. मग नाटक बंद झालं. शेवटच्या पडद्यानंतर खुर्चीवर त्याचा गणवेश सापडला. हूक लावलेले होते. आत कोणी नव्हतं.

मी विचारलं, हे नाटक कधीपर्यंत आहे. म्हणाले, येत्या रविवारपर्यंत. मग पुढचं.

बुधवार, १२

लेकीचा फोन आला. मला म्हणाली, आई, आत्ताच भिंगरीशी बोलले, किती खुशीत आहे. मी विचारलं, कधी. म्हणाली, आत्ता, अर्धा तास गप्पा मारत होतो. लहानपणी पडली होती त्याची आठवण काढून हसत होती. म्हणत होती, आजी फार थकली आहे, काहीबाही बोलते, तिला कुठेतरी आरामाला पाठवू या.

तो अर्धा तास भिंगरी माझ्यासमोर खिडकीत बसली होती. तोंडातून एक शब्द नाही.

लेकीला काय सांगू? सांगितलं, हो, बरी आहे. ठेवते म्हटलं. मग खिडकीशी गेले आणि पोरीचा हात धरून बसले.

गुरुवार, १३

सकाळी तिचा हात धरला आणि चालू लागले. कपडे, पैसे, काही घेतलं नाही. म्हटलं, स्टेशन गाठायचं, बाकी नंतर. मोठ्या दारापर्यंत ठीक आली. उंबऱ्यावर तिचा हात माझ्या हातात हलका झाला. हलका म्हणजे कसा — आत हात नसलेली बाही धरावी तसा. चेहरा पुसट दिसायला लागला, उन्हात धरलेल्या जुन्या कापडासारखा. ओढत परत आत आणलं. आत आल्यावर हात भरला. पुरता नाही.

दिग्दर्शकाच्या पाया पडले. मी कुणाच्या पडत नाही. म्हटलं, नाटक बंद करू नका, चालू ठेवा, वर्षभर ठेवा. तो म्हणाला, आजी, एवढं आवडलं? पण रविवारी शेवटचा, पुढच्याच्या तालमी सुरू आहेत. माझ्या गालाला हात लावून गेला.

झगा पुन्हा आत घेतला. शिवण आता शिवणीला भिडते.

शुक्रवार, १४

जिन्यात पावलं. भिंगरीचीच. दोन-दोन पायऱ्या एकदम, लहानपणापासून अशीच चढते. मी दाराशी धावले.

भिंगरी माझ्यामागे पलंगावर बसलेली होती.

पावलं दारापाशी थांबली. आजी, दार उघड ना, भूक लागली. तिचाच आवाज, तोच हट्ट. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ओ दिली नाही. मग ते रडायला लागलं. रडायलाही तिचंच शिकलंय. ओठ दाताखाली धरला, रक्त आलं तरी सोडला नाही.

पलंगावरची म्हणाली, दासी, कोण आलंय?

शनिवार, १५

प्रयोगाला हूक लावताना मधल्या फटीतून आत बघितलं.

अस्तर दिसलं. नुसतं अस्तर. पाठ —

आणि ती बाहेर जाऊन बोलते, चालते, लोक टाळ्या वाजवतात. तोंड आहे, हात आहेत. मधे काही —

काका म्हणतात, एकच वाट आहे. त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हा हाक. जो आधी ओ देईल, नाव त्याचं. उद्या मधल्या अंकात. नंतर नाही. मी म्हटलं, ती ओ देत नाही हो, ती राणी आहे, तिला ते नाव कळतच नाही. 

मग माझ्या डोक्यात आलं. झगा उतरला आणि भिकारणीचे कपडे अजून चढले नाहीत, तेवढ्या वेळात ती राणीही नाही, भिकारीणही नाही. तेव्हा ती फक्त माझी असणार. तेवढ्यात हाक मारायची. काकांना म्हटलं, भाषण लांबवा, काय वाटेल ते बोला, राजे बोलतातच.

एकच भीती आहे. आज बदलताना मी डोळे मिटून घेतले होते. उद्या झगा उतरवला आणि आत —

नाही लिहीत.

रविवार, १६

आडोशात बसले आहे. वही मांडीवर. हूक आधीच ढिले करून ठेवलेत, एका झटक्यात निघतील. दुसरे कपडे लांब ठेवलेत, चुकून हात जायला नको.

बाहेर तिचा आवाज येतो. बारीक झालाय. लोकांना वाटतं, काय अभिनय.

पाठीमागे गिलावा गरम आहे. मी टेकत नाही.

लेकीचा सकाळी फोन होता. उचलला नाही. काय सांगायचं ते आज ठरेल.

भिंत बोलते. हळू. आजी. आजी गं. मी इथेच आहे. कशाला त्रास करून घेतेस, मी आहे ना. मी हाक मारायच्या आधीच ओ, ओ, सारखं — सराव करतंय —

काकांचं भाषण सुरू झालं. ती येते आहे. झगा चालत येतोय, मला पाय दिसत नाहीत — आहेत, दिसले —

ऐका. सगळ्यांनी. विंगेतल्या कुणी तोंड उघडायचं नाही. सुतारानं नाही, काकांनी नाही. आणि तू, भिंतीतली, तू तर मुळीच नाही, तुला कुणी विचारलेलं नाही. हाक मी मारणार. माझ्या पोरीच्या नावाला ओ माझ्या पोरीनंच द्यायची. भिंगरी, ऐकलंस? आधी तू. तूच दे, तू —