घुमारा कुठे संपतो

प्रिय बारक्या,

तुझा मेसेज मिळाला. रेकॉर्डिंग तोंडावर आलंय, आवाजाला घुमारा देणाऱ्या तिन्ही डब्यांपैकी कोणता रिव्हर्ब ठेवायचा ते ताई एकदाचं सांगून टाक, असं लिहिलं आहेस. तिन्ही डबे माझ्यासमोर टेबलावर आहेत. इतका पसारा झालाय की जेवणाचं ताट शिवणयंत्रावर ठेवावं लागतंय. मेसेजचं उत्तर मेसेजने द्यायचं सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. वाटू दे. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते, मग माझं म्हणणं सांगते. मध्ये पानं उलटून शेवट बघू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

पहिला स्प्रिंगचा. आवाज एका टोकाने आत शिरतो आणि स्प्रिंगमधून थरथरत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. त्याला स्वतःचा स्वभाव आहे, आणि तो तुझ्या ड्रम मशीनशी छान जमतो. पण टेबलाला कोपर लागलं तरी तो ढगांसारखा गडगडतो. स्टेजवर लोक नाचायला लागले की तुला त्याची मनधरणी करत बसावं लागेल. दुसरा पत्र्याच्या रिव्हर्बची नक्कल करणारा. पूर्वी मोठा लोखंडी पत्रा टांगून त्यातून घुमारा काढायचे, तोच आवाज यात गणिताने तयार केलाय. गळ्याला हा सगळ्यात चांगला, कारण शब्द पुढे राहतात आणि घुमारा मागे. तिसऱ्यात खोलीपासून भल्यामोठ्या हॉलपर्यंत सगळं आहे, पण वाजवायचं सोडून बटणंच दाबत बसावं लागतं. तू तर चालू गाण्यात बटणं दाबणारा, तुझ्या हातात तो डबा म्हणजे आगीत तेल. एकच ठेवायचा तर दुसरा ठेव. गाण्याला आणि सिंथला तो पुरेल, ड्रम कोरडेच, बिनघुमाऱ्याचे राहू देत. झालं तुझं उत्तर.

आता माझं. तिन्हींबद्दल तुझी तक्रार एकच होती, की घुमारा मध्येच तुटतो, शेपूट पुरती येत नाही. पहिला डबा आला तेव्हा मी तो पूर्ण उघडला, सोल्डर केलेले सांधे बघितले, सुटे भाग बदलले. काही सापडलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्याच्या वेळी मी कपाळाला हात लावला, कारण तीन वेगळ्या लोकांनी बनवलेल्या तीन यंत्रांना एकच रोग कसा होईल? तू पार्सल करताना नॉब हलवत नाहीस, जसे असतील तसे गुंडाळून पाठवतोस. तिन्हींवर लांबीचा नॉब शेवटापर्यंत फिरवलेला होता आणि वरचे बारीक सूर मऊ करणारा नॉब पूर्ण बंद. म्हणजे घुमारा जितका लांब आणि चकचकीत होईल तितका केलेला. तुझ्या मापाने मी माझ्या स्पीकरवर लावून बघितलं, तर दातांना शिवशिव सुटली. कोणाच्याही कानाला ते सहन झालं नसतं. तुला मात्र ते अपुरं वाटत होतं.

तुझी गाणारी येऊन गेली. रागावू नकोस, तिने चुगली केली नाही. तिचा हेडफोन दुरुस्त करायला दिला होता तो न्यायला आली होती, आणि चहा पिता पिता तिचे डोळे भरले. तुमच्या शेवटच्या कार्यक्रमात तिचा एकही शब्द लोकांपर्यंत पोचला नाही म्हणे, सगळा घुमाऱ्यात बुडाला. तिने सांगितलं तर तू तिलाच म्हणालास, तुला गाण्यापेक्षा मिरवायचं जास्त आहे. ती म्हणाली, आता त्याच्याबरोबर गाणार नाही. मी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागून ऐकलं. ती खरं बोलतेय रे. आणि तूही खोटं बोलत नाहीस, तुला खरोखरच तिचे शब्द स्पष्ट वाटत असणार, कारण त्यांच्यावर चढलेला तो चकचकीत पडदा तुला ऐकूच येत नव्हता. तुम्ही दोघं एकच गाणं दोन वेगळ्या खोल्यांत बसून ऐकत होतात. ती तुझ्यावर उगाच रुसलेली नाही आणि तू वाईट वागणारा माणूस नाहीस, हे मी दोघांनाही सांगू शकते. पण आधी तुला.

आठवतं का, लहानपणी आपण इमारतीच्या जिन्यात टाळी वाजवून शर्यत लावायचो. टाळीचा घुमारा पार विरला असं वाटलं की बोट वर करायचं, आणि शेवटी बोट वर करणारा जिंकायचा. तू दर वेळी जिंकायचास. मला काही ऐकू येत नसताना तू डोळे मिटून म्हणायचास, अजून आहे, अजून आहे. मला वाटायचं हा लबाडी करतो. मग एकदा बाबांनी सांगितलं की पोराचे कान चांगले आहेत, आणि तुझी छाती फुगली. या खेपेला तू घरी आलास तेव्हा मी तुला कामाच्या खोलीत बसवून स्प्रिंगच्या डब्यातून टाळी सोडली आणि चल, शर्यत लावू म्हटलं. तू हसलास, डोळे मिटलेस आणि बोट वर केलंस. बारक्या, आवाज तेव्हा चांगला भरात होता. तू डोळे उघडून म्हणालास, बघ, तुटला की नाही? मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

बाबांचं आपण कसं केलं ते तुला नीट ठाऊक नसेल, तू लहान होतास. छापखान्यात यंत्रांजवळ आयुष्य काढलेला माणूस. टीव्हीचा आवाज वाढत गेला, तेव्हा आई म्हणाली, हट्टीपणा करतात. मग बाजारात हिशेब चुकायला लागला, तेव्हा म्हणाली, लक्ष नसतं. मग ते लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची शोधायला लागले. सगळे हसले की हसायचे, जरा उशिरा. मावशी म्हणायची, भाऊजी आता शांत झाले. शांत कसले, एकटे पडले होते. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तोवर फार वेळ गेला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, पण आधी आला असतात तर उरलेलं सांभाळता आलं असतं. घरी परतताना रिक्षातून उतरल्यावर बाबा मला म्हणाले, “धाकट्याच्या कानांकडे लक्ष ठेव.” मी ठेवलंय. म्हणून इतकं लिहिते आहे.

घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही, मीच घाबरले आहे. पण तू संपलास असंही नाही. कानांची तपासणी होऊ दे. कदाचित नुसता मळ निघेल, मग मला खुशाल चिडव. नसेल तर स्टेजवर कानात बोळे घालावे लागतील, मॉनिटर स्पीकरचा आवाज कमी करावा लागेल. मिक्सिंग करताना बारीक सुरांचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी कानांवर सोपवावा लागेल. तुझी गाणारी ते करील, मी तिला विचारलं आहे. ती लगेच हो म्हणाली, मग थोडी रडली. तुझा अभिमान दुखावेल, ठाऊक आहे. दुखावू दे. सूर रचणं तुझ्या डोक्यात आहे, ते कोणी काढून घेत नाही. तपासणी होईपर्यंत मात्र हेडफोन बाजूला ठेव. रेकॉर्डिंग पुढे ढकल आणि डबे माझ्याकडेच राहू देत. तुझे कान मला तुझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा प्यारे आहेत, एवढं स्पष्ट लिहिते म्हणजे तुला अर्थ लावत बसायला नको.

आता पत्र का, ते सांगते. हे सगळं मी तुला रविवारी फोनवर सांगितलं होतं. सकाळपासून शब्द जुळवले, दार लावून घेतलं, आणि जिन्यापासून बाबांपर्यंत सगळं बोलले. तू मध्येमध्ये हं, हो म्हणत होतास, मला वाटलं शांतपणे ऐकून घेतोयस. शेवटी तपासणीला चल म्हटलं. तेव्हा तू अगदी मजेत म्हणालास, “बरं मग ताई, स्प्रिंगवालाच पाठवतेस ना?” मी बघू, कळवते म्हटलं आणि फोन ठेवला. कानाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे, मी सोबत येणार आहे. हे वाचल्यावर फोन करू नकोस. सरळ घरी ये.

तुझीच,
ताई