फळ्यावरचं लाल वर्तुळ

मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय दादा,

तू आणि मी एकाच आईची लेकरं, आणि लहानपणापासून दोघांची तक्रारही एकच, की आपलं कुणी ऐकून घेत नाही. त्यावर तू मंत्र्यांची भाषणं लिहायला लागलास, मी चौकात उभी राहून ओरडायला लागले आणि तुझ्याकडून 'भोंगा' हे नाव मिळवलं. ऐकणारे तुझ्याकडे जास्त आहेत, हे मान्य.

बाकी इकडे ठीक. परवा बातम्यांत मंत्र्यांच्या मागे दिसलास. केस पिकलेत, पण शोभतात. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर आईला अगदी बरोबर बसला.

आता तुझ्या फोनबद्दल. "ते वर्तुळ अजून लाल का? निधी मंजूर झालाय, आदेश निघालाय. हिरवं नको करूस, पिवळं तरी कर," म्हणालास. मी "बघते" म्हणून फोन ठेवला. भाषण न देता मी फोन ठेवते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुला कळायला हवं होतं.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. संस्थेबाहेरच्या फळ्यावर सरकारचं एकेक आश्वासन, आणि पुढे त्याचं वर्तुळ: पाळलं नाही तर लाल, अर्धवट पाळलं तर पिवळं, पुरतं पाळलं तर हिरवं. आदेश वाचून आम्ही रंग बदलत नाही. खरी गरज असलेला माणूस ओळखपाळख न सांगता त्या दाराशी जातो. त्याला मिळालं, तरच हिरवं. आणि हे आश्वासन तर तुझ्याच हातचं. मागच्या सरकारने बंद केलेला कायदेशीर मदतीचा निधी पुन्हा सुरू करू, आणि "सरकारविरुद्ध लढायचं असलं, तरी वकील सरकारच देईल." काय वाक्य होतं रे. तुमच्या पक्षाशी माझं हाडवैर, तरी सभेत मागे उभी राहून मी टाळ्या वाजवल्या.

गेल्या आठवड्यात एका बाईंना घेऊन मदत केंद्रात गेले. रस्ता रुंद करायला त्यांची इमारत पाडणार आहेत. पर्यायी जागेबद्दल नोटिशीत एक अक्षर नाही. केंद्रात नवी पाटी, नव्या खुर्च्या, भिंतीवर तुमचे साहेब हसतायत. टेबलामागचा कारकून सभ्य होता.

"आजी, निधी आलाय. वकिलांच्या नेमणुका व्हायच्यात."

"मग निधीचं काय केलंत?" मी विचारलं.

"केंद्र सजवलं ना. बसा, पाणी घ्या."

बाई बसल्या, खुर्चीच्या हातावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "खुर्ची छान आहे. न्यायाधीशांसमोर बोलेल का ही?"

कारकून हसला. मग ओशाळला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? वकील त्याने देऊ केले नव्हते. तू केले होतेस.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. समोर सरकारचे दोन वकील आणि अलीकडे या एकट्या, पिशवी छातीशी धरून. न्यायाधीशांनी विचारलं, "आपले वकील कुठे आहेत?" बाई शांतपणे म्हणाल्या, "येतायत. सरकारने सांगितलंय." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. तेव्हाही वकील नसला, तर इमारत रिकामी करायचा आदेश काढणार.

खुर्चीचा टोमणा वाचून ओळखलं असशील. असं बोलणारी बाई आपल्या दोघांच्या ओळखीची एकच आहे.

हो. आपली इमारत, दादा. ज्या जिन्यात तू भाषणांची तालीम करायचास तो जिना. निवडणुकीत प्रत्येक मजल्यावर दार वाजवून आई सांगत होती, "वाक्य माझ्या मुलाचं आहे, मत द्या." आता तीच माणसं जिन्यात तिला विचारतात, "काय हो, वकील कधी येतोय?" ती मान खाली घालून वर चढते. मला तिचं घर जाण्याइतकंच हे खुपतं.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय. "तो एक फोन करेल, माझ्या एकटीची सोय होईल. खालच्या-वरच्यांनी काय करायचं?" मी चिडले, भांडले, शेवटी हो म्हणाले. आज शपथ मोडतेय. ती रागावेल, रागावू दे.

म्हणून ऐक. फोन करू नकोस. ओळखीचा वकील पाठवू नकोस. तेवढ्याने आई सुटेल आणि वर्तुळ लालच राहील. सोमवारी सकाळी दहाला केंद्र उघडतं. आई पुन्हा जाणार आहे, शेजाऱ्यांना घेऊन. तू ये. गाडी लांब सोड, कोण आहेस ते सांगू नकोस, आईच्या शेजारच्या खुर्चीत बस. तिला मिळेल तेच उत्तर तुझ्या कानांनी ऐक. मग परत जाऊन साहेबांना काय सांगायचं ते तुला सुचेल. शब्द तुला कधी कमी पडले नाहीत.

हिरव्या रंगाचा डबा मी आणून ठेवलाय. झाकण अजून उघडलेलं नाही.

सोमवारी तुझ्यासाठी खुर्ची अडवून ठेवणारी,
तुझा भोंगा