काटा बघावा तो नळाशी

३ मार्च

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून हे पत्र. दिवसभर अंधाऱ्या खोलीत मी करते काय, असं विचारलं होतंत. हृदयाच्या स्नायूची एकेक पेशी काचेच्या ताटलीत ठेवून बघते. विजेचा हलका चिमटा काढला की पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं आणि ती आकसते. मग इवले पंप ते परत कोठारात ओढतात, तेव्हा कुठे ती सैल पडते. कॅल्शियम चमकावं म्हणून रंग घातलेला असतो. पाच वर्षं बघतेय, अजून भान हरपतं.

आमचं औषध या पंपांना जोर देतं, अशी आमची खात्री होती. तुमच्यासारखी, आकसायला पटाईत पण सैल पडायला आळशी हृदयं असतात ना, त्यांच्यासाठीच ते. पण दोन महिन्यांपूर्वी नव्या खोलीत आलो आणि तेव्हापासून औषध घाला नाहीतर नुसतं पाणी, पेशी सारख्याच रेंगाळतात. सगळं तपासलं. पेशींवरून वाहणारं द्रावण अंगाइतकं कोमट लागतं, तर बाटलीत रोज दोनदा थर्मामीटर बुडवते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणतात, पुढच्या शुक्रवारी हे काम बंद करू.

काकूंना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नये.
तुमची भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाणीपुरवठ्यात मी तीस वर्षं पंप सांभाळले. पंपघरातला काटा झकास दाब दाखवायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या नावानं खडे फोडायच्या. काटा बघावा तो नळाशी, हे तेव्हा शिकलो. बाटलीचं राहू दे, ताटलीत किती कोमट आहे ते बघ. नव्या खोलीत बाटलीपासूनची नळी लांबली असणार, वाटेत निवत असेल. इतकं शिकलीस, पण अक्कल बाटलीतच बुडवून ठेवलीस.

त्या पेशीला मात्र माझा नमस्कार सांग. माझ्या छातीतल्या तिच्या बहिणी बहात्तर वर्षं चालू, ना तेल ना सुट्टी. सैल पडायलाही जोर लागतो, हे मला आता कळतंय.

तुझा काका

११ मार्च

तीर्थरूप काकांस,
सा. न.

सदतीस हवेत तिथे ताटलीत जेमतेम सव्वीस अंश निघाले; एवढ्या गारठ्यात पंपच मंदावतात, औषध जोर देणार कुणाला? लाजेनं कान लाल झाले. नळी आखूड केली, तिच्यावर माझा लोकरीचा मोजा चढवला आणि तीन दिवस सगळं पुन्हा केलं. औषधाच्या पेशी झटकन सैल पडल्या, नुसतं पाणी घातलेल्या मागे रेंगाळल्या. बाईंनी पडद्यावर स्वतः बघून घेतलं आणि म्हणाल्या, शुक्रवारचं विसर. तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. मला तुमचा फार अभिमान वाटतो.

औषध माणसांपर्यंत पोचायला दहा वर्षं तरी लागतील. काका, तुम्ही थांबायचं.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

थांबतो. उरलेला मोजा पाठवून दे, काकू त्याला जोडीदार विणणार आहे. दहा वर्षं टिकेल असा वीण, म्हणून सांगितलंय.

काका