पाण्यातला शेंगदाणा

३ मार्च, सोमवार
पंचेचाळिशी गाठली. आजपासून शिस्त. डॉक्टरांनी चहाबरोबरचं तळलेलं बंद करायला सांगितलंय. त्याऐवजी चार वाजता भाजलेले शेंगदाणे, मोजून वीस. बायको म्हणाली, विसावर थांबणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दुर्लक्ष केलं.
आमच्या अन्न-तपासणी प्रयोगशाळेत खायला बंदी आहे. पाटी मीच टाइप करून लावलीय. म्हणून जिन्यात जाऊन खाल्ले. तळहातावर चोळून सालं फुंकली. एकतीस झाले. पहिला दिवस आहे.

५ मार्च, बुधवार
मोठं काम आलं. कोपऱ्यावरच्या बेकरीची बिस्किटं. पुड्यावर ‘शेंगदाणा नाही’ असं ठळक छापलंय. ज्या मुलांचा शेंगदाण्याने घसा सुजतो, श्वास कोंडतो, त्यांचे आईबाप या दोन शब्दांवर विसंबतात. आणि माझ्या तपासणीत शेंगदाणा निघाला! किंचित, पण निघाला.
विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, असा विचार मनात आला. लाज वाटली. मग पुन्हा आला.

६ मार्च, गुरुवार
बेकरीवाल्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, अहो, माझ्याच लेकीला शेंगदाणा चालत नाही, म्हणून तर ही बेकरी काढली. आमच्या उंबऱ्याच्या आत दाणा येत नाही. तुमचा रिपोर्ट गेला की दुकानाला कुलूप. डोळे भरून आले होते.
मी स्वतःला विचारलं, आपण फार कठोर होतोय का? प्रामाणिक उत्तर: नाही. विज्ञान वेगळं, भावना वेगळी, असं त्यांना शांतपणे समजावलं. समजावताना एक हात कोटाच्या खिशात होता. चार वाजत आले होते.

१० मार्च, सोमवार
माझी ज्युनिअर फार शंकेखोर. म्हणाली, सर, एकदा बिस्किटाऐवजी नुसतं पाणी तपासू या ना? त्यात तर काही निघायला नको. तिच्या समाधानासाठी तपासलं.
पाण्यात शेंगदाणा निघाला.
हादरलो. म्हणजे प्रकरण बेकरीपुरतं नाहीच! पाणीपुरवठा खात्याला पत्राचा मसुदा केला. ज्युनिअर म्हणाली, सर, हे सीलबंद बाटलीतलं पाणी आहे, नळाचं नाही. मग बाटलीवाल्या कंपनीला केला. तो वाचताना तिला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर पळाली.

१२ मार्च, बुधवार
दाढेत तुकडा अडकला म्हणून दाताच्या डॉक्टरकडे अर्धा दिवस गेला. तेवढ्यात ज्युनिअरने सगळं पुन्हा तपासलं. बिस्किटं कोरी, पाणीही कोरं.
तिला प्रेमाने सांगितलं, अगं, इतकं सूक्ष्म पकडायला हात मुरावा लागतो. म्हणाली, हो सर, तुमचा हात चांगलाच मुरलाय. बरं वाटलं. हल्ली कोण कबूल करतं?

१३ मार्च, गुरुवार
प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, आता काय करायचं? मीच सुचवलं: सगळ्यांची टेबलं, हात, कोट ओल्या बोळ्याने पुसा आणि ते बोळे तपासा. सुरुवात माझ्यापासून करा, असंही म्हणालो. ज्युनिअर नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.
दुपारी निकाल. माझं टेबल: थोडा. माझे हात: बराच. माझ्या कोटाचा खिसा: यंत्राला मोजता येईना.
साहेबांनी खिसा उलटा केला. सालं भुरभुरत त्यांच्या बुटांवर पडली.

१४ मार्च, शुक्रवार
बेकरीचा रिपोर्ट ज्युनिअरच्या सहीने गेला: शेंगदाणा नाही. साहेब तिला ‘बसा’ म्हणाले. मी उभाच होतो.
चूक-नोंदीचा फॉर्म मला भरायला दिलाय. ‘दूषित होण्याचं कारण’ या रकान्यात आधी ‘हवा’ लिहिलं. मनाला पटेना. खोडून ‘जिना’ लिहिलं. तेही खोडलं. शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

१८ मार्च, मंगळवार
सगळ्यांच्या कोटांचे खिसे शिवून टाकले. जिन्यात सगळे माझ्याकडे बघतात.
यंत्र ठीक चाललंय ना हे पाहायला, ज्यात शेंगदाणा नक्की आहे असा एक नमुना लागतो. तो संपलाय. ज्युनिअरने विचारलं, सर, तुमचा जुना कोट धुतला नसेल तर द्याल का? दिला. संशोधनाला तेवढाच हातभार.

२० मार्च, गुरुवार
माफी मागायला बेकरीत गेलो. चार मसुदे करून पाठ केलं होतं. पायरीवर पाय ठेवणार तोच बाई ओरडल्या, तिथूनच बोला, लेक आत आहे!
म्हणालो, बाई, मी दाणे सोडलेत. म्हणाल्या, कधी? मला खोटं बोलता येत नाही. म्हणालो, आज सकाळी.
त्यांनी समोरच्या फुटपाथकडे बोट दाखवलं. गेलो. तिथून, गाड्यांच्या वर आवाज चढवून, हातवारे करत संपूर्ण माफी मागितली. एक शब्द गाळला नाही.
मुलगी काचेला नाक लावून ऐकत होती. दार उघडं होतं आणि गाड्या क्षणभर थांबल्या होत्या, म्हणून मलाही ऐकू आलं. आईला विचारत होती, ते काका काय विकतायत?