नवा शहराध्यक्ष

भाऊ, आपला पक्ष हरला. आपल्या ओटीवर आठ माणसं जमवून तुम्ही ज्याची इथली पहिली शाखा काढलीत, त्याला यंदाच्या महापालिका निवडणुकीत आपल्या गावातसुद्धा कोणी विचारलं नाही. शहराध्यक्षांनी राजीनामा दिला आणि नवा माणूस निवडायला परवा मुंबईहून निरीक्षक आले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मुलगी असून म्हणते, बरं झालं, हे पाहायला तुम्ही नाही.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. बाहेर तुमची बैठक चाललेली, आई ताटलीत सुकेळी, आपली ती वाळवलेली केळी, लावतेय, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. टँकरवाले पाणी उपसून नेतायत, वाडीतल्या विहिरी खाऱ्या होतायत आणि तुम्ही सगळे नुसते संस्कृतीवर बोलताय, असं मी कप ठेवता ठेवता बोलून गेले. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "बायकांनी बैठकीत बोलायचं नसतं. आत जा." आठ दिवसांनी मात्र तुम्ही मला मनगटी घड्याळ आणून दिलंत. "बायकांमध्ये प्रचाराला जायचंय तुला. वेळेवर पोचत जा." मी ती माफी समजले होते. आता वाटतं, ती नेमणूक होती.

तेव्हापासून बँकेची नोकरी सांभाळून मी राजोडीपासून जूचंद्रपर्यंत दारं ठोठावली. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, मला सगळं पाठ. हरल्यावर रोज फोन यायला लागले, "ताई, आता तुम्हीच." जूचंद्रचे तुमचे मित्र, ते मिठागरवाले काका, या वयात जिने चढून घरी आले. "पोरी, तुझाच नाव देनार मी. दुसरा हाय कोन?" मी खोटं कशाला सांगू, भाऊ, मी भाषणसुद्धा लिहून काढलं.

मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या निरीक्षकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, महिला आघाडी तुमच्याशिवाय कोण बघणार?" मग चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. प्रत्येकाने एक नाव लिहायचं आणि सगळ्या चिठ्ठ्या तिथेच मोठ्याने वाचायच्या, असं ठरलं. चंदनसारचा एक बिल्डर आहे, तीन पक्ष फिरून गेल्या वर्षी आपल्याकडे आलेला. तुमच्या वेळची शाखा कुठे भरायची हेही त्याला माहीत नाही. पहिल्या चिठ्ठीपासून त्याचंच नाव येत गेलं, मधूनमधून माजी अध्यक्षांच्या पुतण्याचं. शेवटी शेवटी एकदा माझं आलं. निरीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागून कोणीतरी हसलं. काका आपल्या चपलांकडे बघत बसले होते. सभा उठल्यावर तेच जवळ आले. "रागावू नको, पोरी. त्याच्याकडं मानसं हायेत. आपल्याकडं काय हाय?" मी म्हटलं, "बसा काका, रिक्षा बोलावते." निदान ते खरं तरी बोलले.

तुम्ही त्या सभेत असतात तर बिल्डरचं नाव लिहिलं नसतंत, एवढी मला खात्री आहे. पण माझंही लिहिलं नसतंत. याचा मला त्या पुतण्यापेक्षा आणि बिल्डरपेक्षा जास्त राग येतो. ही माणसं जे करतात ते तुमच्याकडेच शिकली आहेत, आणि मी तर तुमच्या घरातच शिकले. इतकी वर्षं दारोदार मीही बायकांना हेच सांगत आले की घर आधी, बाकी सगळं नंतर.

आता पुन्हा फोन येतात. आवाज खाली घेऊन सांगतात, "ताई, ती एक चिठ्ठी माझी होती." काल रात्रीपर्यंत सहाजणांनी सांगितलं. मी प्रत्येकाचे आभार मानते. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून फक्त तुम्हाला सांगते, भाऊ. ती चिठ्ठी मी लिहिली होती.