ऑक्टोबरच्या बरण्या

प्रिय उमा,

उल्हासनगरच्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या मोरीपाशी आपण दोघी समुद्रतळाचा गाळ चाळत उभ्या असायचो, आठवतं? रंग घातला की गाळातले जीव गुलाबी व्हायचे, आणि आपली बोटंही. धर्मेश शिपाई रोज विचारायचा, मॅडम, आज कोणाची मेंदी? तू खळखळून हसायचीस. मी मात्र बरण्यांच्या चिठ्ठ्या लिहीत राहायचे, शाळेत सिस्टरनी घोटून घेतलेल्या गोल अक्षरांत.

हल्ली दुपारी इथे अंबरनाथला गॅलरीत डोळे मिटले की तो तळ दिसतो. पावसाळा सरताना खालच्या पाण्यातला प्राणवायू विरत जातो. खेकडे उथळ पाण्याकडे निघतात, शिंपले जागीच उघडे पडतात. सगळं निजल्यासारखं. मग थंडीत पाणी पालटतं आणि प्रवाहाबरोबर आलेली इवली पिल्लं त्या गाळात घर करतात. किती वर्षं मी हे न पाहताच पाहते आहे!

तुझा लेख पोहोचला. दोनदा वाचला. तीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिथे काहीच जगत नव्हतं, आता बारीक अळ्या जगतात, म्हणजे तळ सावरतो आहे, असं तू लिहिलंस. उमा, तसं नाही गं. त्या ऑक्टोबरात तू आजारी आईजवळ बदलापूरला होतीस. आपली बारीक चाळणी फाटली. नवी यायला महिना लागला असता, म्हणून मी बाजारातून रव्याची चाळणी आणली. बारीक अळ्या तिच्यातून मोरीत वाहून गेल्या असणार. मी वहीत लिहिलं, जिवंत काही नाही. तू परत आलीस, माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि मला सांगायचा धीर झाला नाही.

न चाळलेला थोडा गाळ मी दर वेळी फॉर्मॅलिन घालून बरणीत राखून ठेवायचे. प्रयोगशाळा मोडली तेव्हा बरण्या घरी आणल्या. परवा ऑक्टोबरची एक उघडून मलमलीतून गाळली, रंग घातला. भिंगाखाली एकोणीस अळ्या निघाल्या. तेव्हाही जगत होत्या त्या.

म्हणून हे पत्र. लेख छापायला जाण्याआधी थांबव. रविवारी तुझा विद्यार्थी अनीश येईल, त्याला ऑक्टोबरच्या उरलेल्या पाचही बरण्या दे म्हणून मी मला सांभाळणाऱ्या चांगुणाला सांगून ठेवलंय. मी झोपलेली असले तरी ती काढून देईल. हिवाळ्याच्या बरण्या कॉलेजला. वही तुला, ते पान न फाडता. भिंग चांगुणाच्या लेकीला, सोनियाला. एकोणिसावी अळी तिनेच शोधली. आणि लेखात माझे आभार आहेत तिथे चूकही माझ्याच नावाने लिही.

तुझीच, अजून तुझी म्हणवून घेऊ दिलंस तर,
किर्ती