बारा फुटी सरकतं दार

३ जून, मंगळवार
धाकट्या दिराने आज शेडचं लाकडी दार पहारीने फोडलं. नवरा गेल्यापासून तिसऱ्यांदा. त्याला लेथ मशीन पाहिजे, भावाचं आहे म्हणे. त्याच मशीनवर नट-बोल्ट काढून मी घर चालवते, ह्याच्या आईला धरून. त्याने मशीनला हात लावला, मी चोवीस नंबरचा पाना त्याच्या खांद्यात घातला. त्याने माझा पुढचा दात पाडला. जाताना पाना घेऊन गेला, चोर. सासूबाई म्हणाल्या, आधी हात कोणी उचलला ते मी बघितलंय. म्हटलं, डोळे तपासून घ्या.
मी मारामारी करणारी बाई नाही. आता मोठं सरकतं दार करायचं. बारा फूट. टेम्पो आत आला पाहिजे, धाकटा नाही.

४ जून
आजपासून राग बंद. शांत डोक्याने माल बघायचा, टेस्ट करायचा. पिशवीत घण घेतला.
पहिलं दुकान, प्लाय. मालक म्हणाला, वॉटरप्रूफ आहे, फुल गॅरंटी. एकच घाव घातला. घण आरपार. मागे कॅलेंडर होतं, तेही गेलं. मालक बोंबलायला लागला. म्हटलं, बोंबलताय कशाला, तुमचा माल कसा आहे ते फुकटात सांगितलं.
दुसरं, अॅल्युमिनियम. दिसायला गोड, एका बोटाने सरकतं. दोन घावांत वहीच्या पानासारखं दुमडलं. सेल्समनने माझा हात धरला. त्याच्या नाकातून रक्त आलं ते कोपराने. मी काही केलं नाही.

६ जून
फायबर तडकलं. नालीदार पत्रा स्वस्त, पण मीच कात्रीने कापला, धाकट्याला किती वेळ लागणार? काचेचं दार दाखवायला निघालेल्याकडे नुसतं बघितलं, तो आपणच आत गेला.
तीन दुकानांनी परत येऊ नका म्हणून सांगितलं. गिऱ्हाईकाची किंमत नाही लोकांना.

९ जून
सापडलं! भंगारवाल्याकडे जुन्या कंटेनरचा पत्रा. वीस घाव घातले. घणाचा दांडा मोडला, पत्र्याला पोचा नाही. नव्या मालाच्या निम्म्यात. दुकानवाले शिकलेले, मी चौथी पास. कोणाचं डोकं चाललं?

११ जून
चष्मेवाला वेल्डर आला, माझ्या बोल्टांचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, वहिनी, दार जड आहे, रूळ भिंतीच्या आतून लावू. आत कुठून? तिथे मशीन आहे, हलवायला चार माणसं लागतात. मग म्हणाला, बरं, रूळ बाहेर, पण नट तरी आत ठेवा, नाहीतर वर वेल्डिंगचा टाका मारतो. म्हटलं, टाक्याचे पैसे कशाला? बोल्ट घरचे आहेत. नट बाहेर असले की दर महिन्याला आवळता येतात. तो म्हणतो, तुम्हाला आवळता येतात तर दुसऱ्याला सोडवता येणार नाहीत का?
जन्म गेला माझा बोल्टांत आणि हा मला शिकवतो! हातातला बोल्ट मी जमिनीवर टाकला. त्याचा पाय मध्ये आला. लंगडत काम केलं, पण दार झकास लावलं.

१४ जून, दुपारी
धाकटा आला. पहार, दगड, लाथा. दार ढिम्म हललं नाही. मी आत तीन कुलपं लावून हसत बसले. तो ओरडला, वहिनी, बाहेर या, डोकं फोडतो. म्हटलं, आधी दार फोड, डोक्याचं मग बघू. सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, जेवलास का रे? हात रक्ताळले त्याचे. गेला.
जिंकले.

१५ जून, सकाळी दहा
पुन्हा आलाय. आज लाथ नाही, शिवी नाही. बाहेर ड्रम ओढल्याचा आवाज. आता किर्र किर्र चाललंय, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. काय करायचं ते करू दे. चांगलं दार बघून माणूस सुधारतो.

१५ जून, संध्याकाळी
दाराचा काही दोष नाही. एक पोचा नाही अजून. रुळासकट पडलं, धाकट्याच्या अंगावर. मी, लंगडत आलेला वेल्डर आणि रस्त्यावरचे पाच जण, त्याच्याच पहारीने उचललं. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. असा ओरडत होता की मीही ओरडले. मुठीत माझा चोवीस नंबरचा पाना.
वेल्डरने खाली पडलेले नट वेचून माझ्या हातात दिले. बोलला असता तर बरं झालं असतं.

१८ जून
प्लास्टर कमरेपासून घोट्यापर्यंत. तीन महिने. तो राहतो तिसऱ्या मजल्यावर, एकटा. सासूबाई म्हणाल्या, माझा मुलगा माझ्याजवळ राहील, आणि तू गं, तोंड उघडू नकोस. त्यांच्या खोलीत खाट मावेना. शेडमध्ये टाकली, मशीनला लागून. मशीनवर हात ठेवून झोपतो.
दार परत चढवायला वेल्डर यायला तयार नाही. पायाला सूज आहे म्हणे.
आत्ता चहा नेऊन दिला. घेतला. म्हणाला, वहिनी, वारा फार येतो हो, दार लावता का?
मी हात उचलला नाही. ताडपत्री बांधली.